दादा जर्मनीत, बहीण पुण्यात: हा गेम घ्यावा का?

प्रश्न: माझा मुलगा जर्मनीत आखेनला एमएस करतोय. मुलगी इथे घरी, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणी एका कॉम्प्युटरवरून भांडणारी ही दोघं आता फोनवर 'जेवलीस का?', 'हो, तू?' एवढंच बोलतात. वाढदिवसाला तिला 'हेलडायव्हर्स 2' हवाय, दादाबरोबर खेळायला. त्याच्याकडे प्लेस्टेशन 5 (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) आहे, हिच्याकडे लॅपटॉप (16 जीबी रॅम, आरटीएक्स 3050 ग्राफिक्स कार्ड, डिस्कवर साठेक जीबी मोकळी). इथे किंमत अडीच हजारांच्या आसपास, त्याला तिकडे वेगळा घ्यावा लागेल, 40 युरोंना. नुसत्या गोळीबारासाठी एवढे पैसे घालावेत का?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर: घ्या. पण आधी मुलीचा, मुलाचा नंतर. कारण पुढे सांगते.

मिळून खेळायचा गेम पारखताना मी चित्रं किती सुंदर आहेत हे सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते ते हे, की ज्या दोघांना खेळायचंय ती दोघं त्यात एकमेकांना भेटू तरी शकतात का. तुमच्या घरी एक प्लेस्टेशनवर, एक लॅपटॉपवर. बरेच गेम इथेच बाद होतात. माझा स्वतःचा आवडता 'डीप रॉक गॅलॅक्टिक' हा डेन्मार्कमधल्या घोस्ट शिप गेम्सचा, 2020 साली पूर्ण होऊन आलेला. चार बुटके खाणकामगार परग्रहाच्या पोटात शिरून खनिज काढतात. किंमत कमी, एकट्यानंही खेळता येतो. मी तोच सुचवला असता, पण त्यात प्लेस्टेशनवाला आणि स्टीमवाला (स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) एकत्र येऊ शकत नाहीत. 'हेलडायव्हर्स 2'मध्ये येतात. स्टॉकहोमच्या ॲरोहेड स्टुडिओनं केलेला हा गेम फेब्रुवारी 2024मध्ये आला, तेव्हापासून ही सोय त्यात आहे.

आता तुमच्या 'नुसत्या गोळीबारा'बद्दल. जास्तीत जास्त चौघं जण एका ग्रहावर उतरतात, ठरलेलं काम करतात आणि यानात बसून परत निघतात. समोर महाकाय किडे, यंत्रमानव किंवा परग्रहवासी. खरी गंमत मात्र आपल्याच माणसांत आहे. इथे आपली गोळी आपल्या माणसालाही लागते, त्यामुळे 'बाजूला हो', 'खाली वाक', 'आता मार' हे सतत बोलावंच लागतं. मोठी तोफ असेल तर एकानं ती धरायची आणि दुसऱ्यानं पाठीवर दारूगोळ्याची पिशवी घेऊन शेजारी उभं राहून भरून द्यायची. तसं केलं की तोफ फार झपाट्यानं चालते. आणि दादा मेला, तर त्याला परत बोलवायला बहिणीनं वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर अशी बटणं दाबायची, तीही अंगावर किडे धावून येत असताना. मी माझ्या भाच्याबरोबर खेळते, तो मिरजेला असतो. एरवी फोनवर हूं-हूं करणारा मुलगा त्या गडबडीत घडाघडा बोलतो, आणि यान येईपर्यंतच्या दोन मिनिटांत परीक्षेचंही सांगून टाकतो. तुम्ही पत्रात फोनबद्दल लिहिलंत, म्हणून मुद्दाम हे सांगितलं.

यान सुधारायला लागणारे नमुने मोहिमेत गोळा करायचे असतात; ते सगळ्यांना सारखे मिळतात, वाटणीवरून भांडण नाही. अवघडपणाच्या दहा पायऱ्या आहेत; दोघांनी खालच्या पायऱ्यांवर निवांत सुरुवात करावी. नवी हत्यारं ज्या संचांतून मिळतात त्यांची मुदत संपत नाही, म्हणून सेमिस्टरच्या परीक्षेत महिनाभर गेम बंद राहिला तरी काही हातचं जात नाही. विद्यार्थ्यांसाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्या संचांसाठी लागणारं गेममधलं चलन मोहिमांमध्ये पडलेलं सापडतं. ते पैसे देऊन घ्यायची काही गरज नाही, आणि हे मुलीला आधीच सांगा.

रक्त मात्र आहे, भरपूर. युरोपात याला 18 वर्षांवरचा शिक्का आहे. तुमची दोन्ही मुलं त्यापुढची आहेत, म्हणून मी निर्धास्त सांगते. धाकटा चुलतभाऊ शेजारी बसून बघत असेल तर नको.

छुपा खर्च मुलाच्या बाजूला आहे. प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. ती त्याच्याकडे आधीपासून असेल तर उत्तम. नसेल तर 40 युरोंवर ती धरूनच हिशेब करा. आणि इंटरनेटशिवाय हा गेम चालतच नाही. कंपनीनं उद्या सर्व्हर बंद केला तर हातात काही उरणार नाही. डिजिटल प्रत अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकासारखी वाचून परत विकताही येत नाही.

लॅपटॉपचं म्हणाल तर यंत्र पुरेसं आहे. जागेची अडचण पूर्वी आली असती: जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर गेम लवकर उघडावा म्हणून त्याच त्याच फाइली अनेकदा भरल्या होत्या आणि कॉम्प्युटरवर तो दीडशे जीबीच्या घरात गेला होता. 2025च्या डिसेंबरात आलेली सडपातळ आवृत्ती 23 जीबीच्या आसपास आहे. तुमच्या साठात आरामात बसेल.

आता आधी मुलीचा का? स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात एकदा गेम उतरवून घेतला की सहसा मिळत नाहीत. म्हणून आधी तिनं गेममधली सुरुवातीची शिकवणी पुरी करून अनोळखी माणसांबरोबर एखादी मोहीम खेळावी. लॅपटॉप किती तापतो, गर्दीत चित्र अडकतं का, वायफाय टिकतं का, हे तेवढ्यात कळतं. दोन तासांचं घड्याळ पहिल्यांदा गेम उघडल्यापासूनच सुरू होतं, हे लक्षात असू द्या. सगळं ठीक वाटलं की त्याच आठवड्यात मुलाला घ्यायला सांगा.

लॅपटॉपचा माइक पंख्याचा आवाजही पकडतो, तेव्हा तपकीर गल्लीतून माइक असलेला साधा हेडफोन आणा. लांबातली लांब मोहीम 40 मिनिटांची असते. रविवारी रात्री जेवणं उरकून आपल्याकडे साडेनऊ वाजतात तेव्हा आखेनला उन्हाळ्यात सहा, हिवाळ्यात पाच वाजलेले असतात. दोन मोहिमा झाल्या तरी मुलगी अकरा-साडेअकराला झोपेल.