हज 'बंधनकारक' की 'फर्ज'?

नागपुरातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे, की 'हज यात्रा करणे प्रत्येक मुस्लिमाला बंधनकारक आहे' हे वाक्य त्यांनी वर्गात सांगितल्यावर मोमिनपुऱ्याच्या काही विद्यार्थिनींनी हरकत घेतली. 'बंधनकारक नाही, फर्ज आहे, आणि तोही प्रत्येकावर नाही,' असे मुलींचे म्हणणे होते. या दोन शब्दांत खरोखर फरक आहे का, आणि या फर्जाला कुराणात आधार कोणता, असे बाईंचे दोन प्रश्न आहेत.

मुलींचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे मूळ आयतीच्या वाक्यरचनेतच दिसते. हजच्या फर्जाचा मुख्य आधार म्हणजे सूरह (कुराणातला अध्याय) आल-इमरानची 97वी आयत. तिच्यातले नेमके शब्द असे आहेत : 'व लिल्लाहि अलन्नासि हिज्जुल बैति मनिस्तताअ इलैहि सबीला.' या वाक्यात 'हज करा' असे आज्ञार्थी क्रियापद कुठेच नाही. 'लि' म्हणजे 'चा' किंवा 'साठी' आणि 'अला' म्हणजे 'वर'. तेव्हा 'लोकांवर अल्लाहचे आहे, त्या घराचे हज' असा शब्दांचा क्रम लागतो; 'ते घर' म्हणजे मक्केतला काबा. 'माझ्या अंगावर त्याचे देणे आहे' असे आपण मराठीत म्हणतो, तेव्हा 'अंगावर' आणि 'त्याचे' हे दोन शब्द जे काम करतात, तेच काम इथे 'अला' आणि 'लि' करतात. देण्याचा हा अर्थ केवळ व्याकरणातून ओढून काढलेला नाही. हजचा नवस बोलून तो फेडण्याआधीच वारलेल्या आईच्या वतीने आपण हज करावी का, असे एका स्त्रीने पैगंबरांना विचारले, तेव्हा 'आईवर कर्ज असते तर तू ते फेडले असतेस ना? मग अल्लाहचेही फेड, ते फेडले जाण्याचा हक्क अधिक आहे,' अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद, बुखारींच्या संग्रहात आहे.

आता 'प्रत्येक' या शब्दाकडे वळू. आयतीत आधी 'लोकांवर' असे म्हटले आहे आणि लगेच 'मनिस्तताअ इलैहि सबीला', म्हणजे 'ज्याला तिथवरची वाट झेपेल त्याच्यावर', असे म्हणून ते लोक कोण हे मर्यादित केले आहे. अरबी व्याकरणकार या रचनेला 'बदल' म्हणतात. म्हणजे पुढचा शब्द मागच्या शब्दाची जागा घेऊन नेमका अर्थ सांगतो. ही अट नियमाला मागाहून जोडलेली सवलत नाही, ती नियमाच्या वाक्यातच आहे. जिथे ती पुरी होत नाही तिथे हज फर्जच होत नाही. म्हणून 'प्रत्येक मुस्लिमाला' असे लिहिले की आयतीतला निम्मा भाग गळतो.

या अटीसाठी मराठीत सर्रास 'ऐपत' हा शब्द वापरला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण त्याने डोळ्यांपुढे फक्त पैसा येतो. आयतीतला शब्द 'सबील' आहे, आणि सबील म्हणजे वाट. फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या, ग्रंथांत या अटीचा अर्थ लावताना वाटखर्च आणि वाहन, मागे राहिलेल्या कुटुंबाच्या निर्वाहाची सोय, शरीराची ताकद, रस्त्याची सुरक्षितता या सगळ्यांचा विचार केलेला आढळतो. पायी जाणे शक्य असेल तर वाहन नसले तरी चालेल, असे सुन्नी फिक्हच्या पंथांपैकी मालिकी पंथाचे मत आहे. माझ्या मते 'ज्याला तिथवर जाणे झेपेल' ही रचना मूळाच्या सर्वांत जवळची आहे, कारण 'झेपणे' या एका क्रियापदात पैसा, प्रकृती आणि परिस्थिती तिन्ही मावतात.

'फर्ज' आणि 'बंधनकारक' यांतला फरक याहून सूक्ष्म आहे. 'बंधनकारक' म्हटले की करार, न्यायालयाचा आदेश, पाळले नाही तर बाहेरून होणारी कारवाई असा अर्थ मनात येतो. 'फर्ज' हा मात्र फिक्हच्या श्रेणींपैकी एका श्रेणीचा शब्द आहे. भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान ज्या हनफी मताचे आहेत, त्या मतात फर्ज (निःसंशय आधारावर ठरलेले कर्तव्य) आणि वाजिब (त्याहून खालच्या श्रेणीचे, तरीही आवश्यक कर्तव्य) यांत भेद आहे : रोजची पाच वेळची नमाज फर्ज, तर ईदची नमाज वाजिब. 'बंधनकारक' हा एकच शब्द दोन्हींना लावला की हा भेद पुसला जातो. फर्जचा मूळ धातू हजच्याच संदर्भात सूरह बकराच्या 197व्या आयतीत येतो, पण तिथे ज्याने त्या महिन्यांत हज स्वतःवर ठरवून घेतली त्याच्याविषयी तो वापरला आहे. अशा माणसाने हजच्या काळात भांडणतंटा करू नये, असेही तीच आयत सांगते. आपली 'हुज्जत' आणि 'हज' हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूचे आहेत, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते; 'हजर' आणि 'हजेरी' यांचा मात्र त्या धातूशी संबंध नाही.

'हज यात्रा' हा जोडशब्द रूढ आहे आणि त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, जरी बोलताना लोक 'हजला गेले', 'हज करून आले' असेच म्हणतात. 'हजची वारी' असे लिहिणे मात्र टाळावे, कारण वारी वर्षानुवर्षे करायची असते. 'दरवर्षी का?' असे एकाने तीनदा विचारूनही पैगंबर गप्प राहिले आणि मग म्हणाले, की मी हो म्हटले असते तर ते फर्ज झाले असते आणि तुम्हाला झेपले नसते. ही हदीस 'सहीह मुस्लिम' या हदीस-संग्रहात आहे, आणि हज आयुष्यात एकदाच फर्ज असल्याचा आधार म्हणून ती सांगितली जाते. त्याचप्रमाणे नागपुरातल्या ताजबागला बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावर जाणे ही जियारत, म्हणजे दर्शनासाठीची भेट, होय. तिला हज म्हणत नाहीत आणि ती फर्जही नाही.

बाईंनी वर्गात सांगायचे वाक्य असे करावे : 'ज्या प्रौढ मुस्लिमाला मक्केपर्यंत जाणे झेपू शकते, त्याच्यावर आयुष्यात एकदा हज फर्ज आहे.'