रात्रीची पाळी एकट्या आईचीच का?

प्रश्न : माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. तिची साखर तपासण्यासाठी मी रोज रात्री बारा वाजता आणि तीन वाजता उठते. त्यानंतरही झोप लागत नाही. घाम आला आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या कपाळावर हात ठेवून पडून राहते. दिवसा मोठ्या मुलावर विनाकारण ओरडते आणि मग स्वयंपाकघरात रडते. यजमान उठायला तयार आहेत, पण माझा धीर होत नाही. सासूबाई म्हणतात, आईला हे करावेच लागते. माझेच मन कमकुवत आहे का?

उत्तर : मन कमकुवत असते, तर इतके महिने हे आपल्याकडून निभावलेच नसते. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या काही तासांत येतो आणि आपली झोप नेमकी तिथेच मोडते. सलग झोप न मिळालेल्या माणसाचा राग, रडू आणि विसराळूपणा वाढतो, हा शरीराचा धर्म आहे. शिवाय इन्सुलिनचे युनिट मोजणारा हात आपलाच असल्यामुळे आपली झोप हा मुलीच्या उपचाराचाच भाग आहे, असे मी अगदी आग्रहाने सांगेन.

रात्र वाटून घ्या. बाराची तपासणी यजमानांकडे द्या आणि आपण दहा ते तीन दुसऱ्या खोलीत झोपा. धीर होत नाही हे स्वाभाविक आहे. म्हणून आधी काही रात्री त्यांनी आपल्या देखत बोट टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. फ्रिजच्या दारावर एक कागद लावा : साखर ७०च्या खाली असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात साखरेचे पाणी द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, मुलगी शुद्धीवर नसेल किंवा तिला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता, डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे (साखर झटपट वाढवणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन दिलेले असल्यास ते टोचून, ताबडतोब रुग्णालय गाठायचे. कपाळावरच्या हातावर मात्र विसंबू नका, कारण घाम नसतानाही साखर उतरलेली असू शकते.

दोन्ही तपासण्या रोजच हव्यात का, हे डॉक्टरांना विचारा, मात्र स्वतःहून बंद करू नका. दिवसभर खूप खेळणे झाले, जेवण कमी गेले, ताप-उलटी झाली किंवा इन्सुलिनची मात्रा बदलली, त्या रात्री जास्त जपावे लागते. दंडावर लावायचा सेन्सर साखर उतरताच गजर करतो. तो खर्चिक आहे, आणि गजराची मर्यादा नीट ठरवली नाही तर तोही रात्रभर उठवतो. सासूबाईंनी दुपारचा तासभर दोन्ही मुलांना सांभाळले, तर त्यांचीही मोठी मदत होईल.

एवढे करून, पाळी यजमानांची असतानाही आपण टक्क जाग्या राहत असाल, किंवा दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे वाटण्याचा विचार आला तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ या ‘टेली मानस’ म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. झोपेची गोळी मनाने घेऊ नका. मुलीच्या पुढच्या तपासणीला यजमानांना सोबत न्या आणि रात्रीचे वेळापत्रक डॉक्टरांसमोर दोघांनी मिळून ठरवा.