साध्या घरातून आलेल्या कंट्री-रॉक गायकांपैकी खरा कोण वाटतो? कुठून ऐकायला लागू?

कंट्री-रॉक म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातलं संगीत आणि रॉक यांची मिसळ. अमेरिकेच्या दक्षिणेतले तरुण गायक आपल्या गावावर, गरिबीवर गातात खरे, पण गाणं कुठलंही लावा, तोच पिकअप ट्रक, तीच बिअर, तोच मातीचा रस्ता. मी सांगेन, जेसन इसबेलपासून सुरुवात करा, आणि त्यातही 'आउटफिट' या गाण्यापासून.

इसबेल 1979 सालचा, उत्तर अलाबामातल्या ग्रीन हिल या खेड्यातला. वडील घरं रंगवायचे. 2001 साली 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स' या बँडमध्ये आला तेव्हा तो 22 वर्षांचा होता. 2003 च्या 'डेकोरेशन डे' या अल्बममध्ये हे गाणं आहे.

या गाण्यात मुलगा बोलतच नाही, बाप बोलतो. माझ्यासारखा घरं रंगवत बसणार का, 42 व्या वर्षी म्हातारा होणार का, असं तो पोराला विचारतो. मग स्वतःचं सांगतो. हिरवी मस्टँग गाडी होती, ती विकून तुझ्या आईला अंगठी घेतली. सहा महिने फाउंड्रीत काढले; त्या जागेला लोक इंडस्ट्रियल पार्क म्हणतात. मग हॉस्पिटलात मेंटेनन्सचं काम, मग फ्रिजचे पार्ट पाठ करायला टेक्निकल शाळा. गरिबीचं कौतुक यात कुठेच नाही. पण हाच बाप पुढे बजावतो की बोलण्यातला आपला हेल घालवायच्या मागे लागू नको, खोट्या ब्रिटिश ढंगात गाऊ नको, घरच्यांची टिंगल करू नको, नशेच्या सुईपासून लांब राहा, बहिणीच्या वाढदिवसाला घरी फोन कर. माझ्यासारखा होऊ नको, पण आमचाच राहा. मुळं जपायची म्हणजे नेमकं काय, हे मला तिथे कळलं.

माझे वडील कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. शिफ्टवरून आले की आई त्यांचा शर्ट आधी दारात झटकायची, मगच बादलीत टाकायची. तरी बादलीच्या तळाला काळी वाळू बसायचीच. मला त्यांनी फाउंड्रीच्या गेटच्या आत कधी पाऊल टाकू दिलं नाही. नोकरीनिमित्त मी अलाबामात हंट्सव्हिलला राहिलो, तेव्हा एका रविवारी फोनवर त्यांना हे गाणं मराठीत सांगितलं. फाउंड्रीचं ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग करतंय का फोन, ते पोरगं?"

हंट्सव्हिलहून 72 नंबरच्या हायवेने पश्चिमेला निघालं की दोन्ही बाजूंना कापसाची शेतं लागतात, आणि पुढे मसल शोल्स. इसबेल त्याच टापूतला. गाव लहान, पण तिथल्या फेम स्टुडिओत 1967 साली कृष्णवर्णीय गायिका अरीथा फ्रँकलिन गायली, आणि तिच्या गाण्याला साथ करणारे बरेचसे वादक तिथलेच गोरे तरुण होते. त्याच मंडळींपैकी डेव्हिड हूड हे बेस वाजवणारे. त्यांचा मुलगा पॅटरसन हूड हा 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स'चा एक संस्थापक. म्हणून या बँडला दक्षिणेवर माया करताना तिथला वर्णद्वेष झाकायची गरज वाटली नाही. इसबेलनेही 2017 मध्ये 'व्हाइट मॅन्स वर्ल्ड' लिहून ते थेट मांडलं. माझ्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे, कारण गावाचा अभिमान गाणारे बरेच जण नेमकं हेच टाळतात.

'आउटफिट'नंतर 2011 चा 'हिअर वी रेस्ट' ऐका. हे अलाबामाचं जुनं ब्रीदवाक्य. त्यातलं 'अलाबामा पाइन्स' आधी लावा. मग 'साउथईस्टर्न', 2013 चा. दारू सोडल्यानंतरचा हा अल्बम, आवाजच वेगळा लागलाय. त्यानंतर 'समथिंग मोअर दॅन फ्री', ज्याच्या शीर्षकगीतात अंगमेहनत करणारा माणूस आठवडाभराचा थकवा सांगतो.

पहिल्या वेळी शब्द समोर ठेवून ऐका. उच्चार जाड आहेत, काही ओळी निसटतील. पण सोडू नको म्हणून बापाने सांगितलेला हेल तो हाच.