एकाहत्तरावा दिवस

"मॅडम, फक्त एकोणतीस दिवस राहिलेत. आता सोडलं तर मी पुन्हा तीच ठरेन, अर्धवट सोडणारी. तेवढे दिवस रेटायचं कसं, ते सांगा."

ठाण्यात, पाचपाखाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्या आल्या तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 47, बँकेत नोकरी, घर नौपाड्यात. 1 ऑगस्टपासून शंभर दिवस, रोज 12,000 पावलं, असा पण त्यांनी केला होता. पहाटे तलावपाळीला फेऱ्या, उरलेली पावलं संध्याकाळी. सप्टेंबरपासून पाय जड पडू लागले, स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावं लागायचं. तरी घड्याळात आकडा कमी दिसला की रात्री साडेअकराला स्वयंपाकघर ते बाल्कनी येरझाऱ्या. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा येऊन बेल वाजवली, तर दुसऱ्या दिवसापासून चपला काढून चालू लागल्या.

"आमचे हे म्हणतात, तुझं कधी काही पूर्ण झालंय का?" एम. ए. अर्ध्यावर सुटलं ते मुलीच्या वेळी, शिवणाचा क्लास सुटला तो सासूबाईंच्या आजारपणात.

इथे माझी चूक झाली. टोमणा हाती लागल्यावर मी त्याच धाग्यामागे गेले, आणि तासभर आम्ही नवऱ्याबद्दल बोललो. निघताना त्या खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. माझी खोली पहिल्या मजल्यावर. खाली उतरायला त्या लिफ्टची वाट बघत उभ्या राहिल्या. रोज 12,000 पावलं चालणारी बाई! तेव्हा कुठे मी विचारलं, पाळी कशी आहे?

"आठ-आठ दिवस जाते. या वयात व्हायचंच की."

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.6. बायकांमध्ये 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. रक्तातून प्राणवायू पुरेसा पोचत नसेल, तर जिद्द कुठून पुरणार? स्त्रीरोगतज्ज्ञांनी उपचार सुरू केले, लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीबरोबर चहा घेऊ नका, हेही सांगितलं, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. आणि पावलांचा पण तूर्त बंद.

"हा थकवा की नुसता आळस?" हे मला बरेच जण विचारतात. माझा साधा अंदाज असा: आळस असेल तर दहा मिनिटं चाललं की अंग मोकळं होतं, थकवा असेल तर प्रत्येक फेरीला वाढतो आणि रात्रभर झोपूनही सकाळी तसाच असतो. छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीच्या चालीला धाप लागली, तर अंदाज बांधत बसू नये. थांबावं आणि डॉक्टर गाठावा.

पावलांच्या आकड्याची मात्र मला गंमत वाटते. रोज दहा हजार हा आकडा कुठल्या मोठ्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. तिथून तो आकडा जगभर पसरला. अमेरिकेतल्या वयस्क बायकांचा 2019 मधला अभ्यास सांगतो की साधारण 7,500 पावलांनंतर आयुष्यमानाचा जास्तीचा फायदा दिसत नाही. हे ऐकून बाई जरा खट्टू झाल्या. "म्हणजे मी उगीच...?" उगीच नाही, पण 12,000 हा नियम तुम्हीच घातलेला आहे, असं मी म्हटलं.

तरी 'अर्धवट' हा शब्द त्यांच्या तोंडून जाईना. शेवटी विचारलं, "बँकेत कुणी महिनाभर वैद्यकीय रजा घेतली, तर त्याने नोकरी सोडली असं तुम्ही मांडता का?"

"छे! रजा मांडतो. हजेरीपटावर नाव राहतंच ना." आणि मग त्या बराच वेळ गप्प बसल्या.

पाच आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून कचराळी तलावाच्या ट्रॅकवर सुरुवात केली, 4,000 पावलांपासून. नवऱ्याचा टोमणा थांबला का? नाही. पण एकदा तेही बरोबर आले आणि दुसऱ्याच फेरीला बाकावर बसले, हे सांगताना बाई खुदकन हसल्या.

जानेवारीत कॅलेंडर घेऊन आल्या. एकाहत्तर चौकोनांत बरोबरच्या खुणा, पुढच्या पस्तीस चौकोनांत लाल पेनने 'वै. र.', आणि त्यापुढे पुन्हा खुणा, एकोणतीस.

"पण या एकोणतीस दिवसांत 12,000 एकदाही नाही हं," त्या म्हणाल्या, आणि कॅलेंडर गुंडाळून पिशवीत ठेवलं.