सुई टोचली तर स्पिरिटवर थांबू नका

धुळ्याच्या खासगी दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलंय: काल नाईटला रक्त घेऊन टोपण लावताना सुई बोटात गेली, पेशंटचे रिपोर्ट माहीत नाहीत, इन्चार्ज म्हणाल्या ‘स्पिरिट लाव, काही होत नाही’. आता काय करू?

ताई, हे वाचून झालं की लगेच सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्यांचा पहिला डोस दोन तासांत मिळाला तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. पेशंटच्या रिपोर्टची वाट बघू नको. तो निगेटिव्ह आला तर डॉक्टर गोळ्या थांबवतील, नाहीतर २८ दिवस घ्यायच्या. जखम साबण-पाण्यानं धुवायची, बोट पिळायचं नाही, तोंडात तर अजिबात घालायचं नाही.

आपल्याला भीती वाटते ती एचआयव्हीची. पण पेशंट पॉझिटिव्ह असला तरी टोचण्यातून तो होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. हिपॅटायटीस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, मात्र लस न घेतलेल्यांत शंभरात ६ ते ३० जणांना होऊ शकते. तुझे लसीचे तिन्ही डोस झालेत का? झाले असतील तर अँटीबॉडी टायटर, म्हणजे लसीनं रक्तात किती संरक्षण तयार झालंय ते, कधी तपासलंय? १० च्या वर हवं. लसच नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत लागतं, हेही डॉक्टरांना विचार. हिपॅटायटीस सी ला लस नाही, पण आता गोळ्यांनी तो बरा होतो, म्हणून आजचं आणि पुढचं रक्त तपासणं चुकवू नको.

आपल्याकडच्या बहुतेक सिस्टरना टोपण परत लावायचं नसतं हे पाठ असतं. पण रात्री तीनला एका हातात सिरींज, नातेवाईक मोबाईलची टॉर्च धरून उभा, सुई कापायचा हब कटर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला. मग हात आपोआप टोपणाकडे जातो. म्हणून मला वाटतं, पोस्टर लावण्यापेक्षा हब कटर आणि सुया टाकायचा पांढरा डबा ट्रॉलीवरच ठेवणं महत्त्वाचं. धडगाव, मोलगीकडच्या सिस्टरनी तर एचआयव्हीच्या गोळ्यांचा पहिला डोस आपल्याच दवाखान्यात हवा असा आग्रह धरावा. घाट उतरून नंदुरबारला पोचेपर्यंत वेळ निघून जातो.

घटना रजिस्टरमध्ये वेळेसह लिहून घे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कामावर असं झालं तर या गोळ्या देण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे, त्यामुळे इन्चार्जना नाराज करतेय असं मनात आणू नको. आणि कचऱ्याच्या पिशव्या बांधणाऱ्या मावशींच्या लसीचंही विचार. त्यांना सुई टोचते तेव्हा ती कोणत्या पेशंटची हेही कळत नाही.