‘स्थानिक विशेषाधिकार वाढ’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की अँटीव्हायरसमधल्या ‘लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशन’ त्रुटींवर मराठीत लिहायचंय, मशीन भाषांतर ‘स्थानिक विशेषाधिकार वाढ’ असं देतंय, तर ते चालेल का. माझ्या मते नाही. तिन्ही शब्द सुटे घेतले तर बरोबर आहेत पण एकत्र आले की वाचणाऱ्याला भलतंच काहीतरी वाटतं, आधी सभागृह आठवतं आणि मग पगारवाढ.

‘वाढ’चंच बघा. पगारवाढ, मुदतवाढ, भाडेवाढ, ही कोणीतरी देतं नाहीतर करतं, रीतसर. इथे कोणीच काही दिलेलं नसतं, साध्या युजरने वरचे अधिकार परस्पर मिळवलेले असतात. त्याला मराठीत सरळ ‘बळकावणं’ हे क्रियापद आहे, जागा बळकावतात, खुर्ची बळकावतात, तसे अधिकारही बळकावतात. ‘विशेष’ची पण गरज नाही, नुसतं ‘अधिकार’ पुरतं.

‘लोकल’ जास्त फसवा आहे. बऱ्याच जणांना वाटतं की हल्लेखोर त्या कॉम्प्युटरसमोर बसलेला असणार. तसं नाहीये. त्रुटींना गुण देण्याची जी सीव्हीएसएस पद्धत आहे तिच्या तिसऱ्या आवृत्तीत हल्ल्याचा मार्ग चार प्रकारे लिहितात: नेटवर्क, ॲडजेसंट (म्हणजे जवळच्या नेटवर्कवरून), लोकल आणि फिजिकल. म्हणजे प्रत्यक्ष मशीनला हात लावायचा असेल तर त्याला वेगळा शब्दच आहे. लोकलचा अर्थ एवढाच की त्याला त्या मशीनवर आपला प्रोग्राम चालवता येतोय, मग तो स्वतः जगाच्या दुसऱ्या टोकाला का असेना, एखादी अटॅचमेंट उघडायला लावून तो आधीच आत आलेला असतो. या पहिल्या पायरीसाठी आपल्याकडे ‘चंचुप्रवेश’ हा अगदी तयार शब्द पडलाय आणि तो का वापरत नाहीत मला कळत नाही. आधी चंचुप्रवेश, मग अधिकार बळकावणं.

आता अँटीव्हायरसच का, तर त्याला कुठलीही फाईल वाचता आणि उडवता आली पाहिजे, म्हणून विंडोजवर त्याची सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा त्याचा भाग, ‘सिस्टीम’ नावाच्या खात्याखाली चालते, जे ॲडमिनिस्ट्रेटरच्याही वरचं समजा. आणि हीच सर्व्हिस साध्या युजरच्या विनंत्या पण ऐकते, हे स्कॅन कर, ते परत आण. गोम तिथेच आहे.

२०१७ मध्ये फ्लोरियन बोग्नर या संशोधकाने ‘एव्हीगेटर’ नावाने एक प्रकार दाखवला, तो जरा सविस्तर बघू कारण शब्द निवडायला उपयोगी पडेल. युजर स्वतःच्या फोल्डरमध्ये एक घातक डीएलएल (इतर प्रोग्राम उचलून चालवतात अशी कोडची फाईल) ठेवतो, अँटीव्हायरस ती पकडून क्वारंटाईनमध्ये टाकतो (‘विलगीकरण’ आता सगळ्यांना कळतं, खुशाल लिहा). मग युजर त्या मूळ फोल्डरच्या जागी जंक्शन करतो, म्हणजे नाव तेच पण वाट प्रोग्राम फाईल्सकडे वळवलेली, आणि ते करायला ॲडमिन असावं लागत नाही. मग अँटीव्हायरसला सांगतो, माझी फाईल जागेवर ठेव. तो बिचारा ठेवतो, सिस्टीमच्या अधिकाराने, आणि फाईल जाऊन पडते जिथे या युजरला एक अक्षर लिहायची मुभा नव्हती तिथे. पुढे एखादी वरच्या अधिकाराची सर्व्हिस तीच डीएलएल उचलते की काम झालं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये विंडोज डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसची जी त्रुटी बुजवली ती पण याच घराण्यातली. त्याचा एक ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारा भाग) लॉग म्हणजे नोंदींची फाईल लिहिताना ती खरी फाईल आहे की दुसरीकडे वळवणारी लिंक हे तपासतच नव्हता, आणि हे २००९ पासून म्हणजे साधारण बारा वर्षं तसंच होतं.

अशा बातम्यांना ‘कुंपणच शेत खातंय’ असा मथळा द्यायचा मोह होतो. पण त्या म्हणीत कुंपणाचीच नियत फिरलेली असते, इथे अँटीव्हायरस बेइमान झालेला नाही, त्याच्या खांद्यावर दुसऱ्याने बंदूक ठेवलीये. इंग्रजीतला ‘कन्फ्यूज्ड डेप्युटी’ हा शब्द नेमका यासाठीच आहे, संगणकतज्ज्ञ नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये तो मांडला. त्यांच्या उदाहरणात कंपायलरला (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करणारा प्रोग्राम) बिलिंगच्या फाईलवर लिहायची परवानगी असते, युजरला नसते, म्हणून युजर आउटपुट फाईलचं नाव म्हणून बिलिंगच्या फाईलचंच नाव देतो आणि कंपायलर निमूटपणे ती पुसून टाकतो. डेप्युटीला ‘उपाधिकारी’ नका करू, ‘मुखत्यार’ करा. दुसऱ्याच्या वतीने सही करणारा तो मुखत्यार, म्हणून ‘गोंधळलेला मुखत्यार’ लगेच पोचतं.

बाकी ‘एंडपॉइंट’ला ‘अंत्यबिंदू’ करू नका, भूमितीचा तास वाटतो. एंडपॉइंटच ठेवा किंवा ‘लॅपटॉप, सर्व्हर वगैरे’ म्हणून मोकळे व्हा. ‘फ्लॉ’ला ‘त्रुटी’ ठीक आहे, बोलताना ‘फट’, पण ‘खिंडार’ नको कारण खिंडार कोणीतरी पाडल्यावर पडतं आणि ही आधीपासून असते.

तर संज्ञा हवीच असेल तर ‘आतून अधिकार बळकावणे’. पण खरं सांगू का, संज्ञा सोडून वाक्यच लिहा: ‘या त्रुटीमुळे मशीनवर आधीच शिरलेला साधा युजर अँटीव्हायरसकरवी सिस्टीमचे अधिकार बळकावू शकतो.’ ‘करवी’ मात्र गाळू नका, कोणाच्या हातून झालं ते त्यातूनच कळतं.