नदीने तोडलेलं आणि हायवेने तोडलेलं

प्रश्न: ताई, आम्ही भंडाऱ्याचे. इथे वाघ वैनगंगा पोहून जातो असं सगळेच सांगतात, मग नदीमुळे प्राण्यांचे जीन्स (आईबापांकडून पिल्लांत येणारे गुण ठरवणारे घटक) वेगळे होतात ते कसं काय? आणि हायवे तर दोन मिनिटांत ओलांडून होतो, त्याची एवढी ओरड कशाला?

उत्तर: नदी अडवते की नाही ते प्राण्यावर असतं. वाघ पट्टीचा पोहणारा, सुंदरबनात तर खाड्या पोहणं त्याचं रोजचंच. पण आसाम-भूतानमधला सोनेरी लंगूर घ्या, पूर्वेला मानस, पश्चिमेला संकोश, दक्षिणेला ब्रह्मपुत्रा, एवढ्याच पट्ट्यात तो सापडतो, मानसच्या पलीकडे लंगूरच वेगळा. आफ्रिकेत काँगो नदीच्या उत्तरेला चिंपांझी, दक्षिणेला बोनोबो, दोघांनाही पोहता येत नाही, दहा लाखाच्या आसपास वर्षं वेगळे राहून राहून दोन जातीच झाल्या.

पण तिथे दोन्ही काठांना जंगल अफाट होतं, प्राणी भरपूर होते आणि वेळ तर विचारूच नका. शिवाय नदी उगमाकडे अरुंद असते, मधेच कधी पात्र बदलते आणि या काठचं जंगल त्या काठाला जातं. हायवे, रेल्वे, कालवे, खाणी, शेती यांनी तुकडे पाडले ते काही पिढ्यांत, आणि एकेका तुकड्यात वाघ उरले मोजके. मोजक्या जनावरांत कुठला जीन पुढे जाणार हे निव्वळ नशिबावर ठरतं, काही कायमचे गळतात आणि जोडीदार नात्यातलाच मिळतो. ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ आठवतात? एका जीनमधल्या बारीकशा बदलामुळे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात, आणि इतकी दुर्मिळ गोष्ट तिथे सर्रास दिसते कारण वाघ थोडे आणि बाकीच्यांपासून तुटलेले, हे बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या टीमने २०२१ साली दाखवलं. लोक फोटो बघून खूश होतात, मला काळजीच वाटते.

आता तुमची दोन मिनिटं. नुसतं ओलांडून भागत नाही हो, पलीकडे जोडीदार भेटून पिल्लं झाली तरच जीन्स पोचले म्हणायचे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, माग काढायला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ शेतं, रस्ते, नाले पार करत १३०० किमीच्या वर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, पण तिथे वाघीणच नव्हती!

म्हणून कान्हा-पेंच, सातपुडा-मेळघाट हे कॉरिडॉर, म्हणजे दोन जंगलांना जोडणारे पट्टे, जपायलाच हवेत. पेंचमधून जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेखाली महाराष्ट्राच्या बाजूला ९ अंडरपास केलेत, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत, आणि कॅमेऱ्यात वाघ, रानकुत्रे खालून जाताना दिसलेत. असं काम रस्ता बांधतानाच व्हायला पाहिजे.

प्रश्न: मग दुसरीकडून वाघ आणून सोडला की झालं ना?

उत्तर: करतात तेही. २०२४ च्या शेवटी आपल्या ताडोबाच्या जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला नेल्या, तिथल्या वाघांत नवीन रक्त यावं म्हणूनच. झीनत तिथून निघाली ती झारखंड करत पार बंगालमध्ये गेली, तिला डिसेंबरअखेर बांकुड्यात बेशुद्ध करून परत आणावं लागलं. गरज पडली तर हा उपाय करावाच, पण आपल्याकडे विदर्भात अजून कॉरिडॉर शिल्लक आहेत, ते तोडून मग वाघ ट्रकने न्यायची वेळ का आणायची?